लेह शहरात पहिल्यांदा जाताना : पहिल्या पाच दिवसांचे मार्गदर्शन

महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत लेह शहराच्या वाट्याला एकच ओळ येते : ‘पहिला दिवस – लेह येथे आगमन व विश्रांती.’ दुसऱ्या दिवसापासून गाड्या खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड), नुब्रा, पँगाँग अशा धावू लागतात आणि लेह हे रात्री पाठ टेकण्याचे ठिकाण तेवढे उरते. प्रस्तुत लेख त्या एका ओळीविषयी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या शहरात पोहोचल्यावर शरीराला जुळवून घेण्यासाठी काही दिवस द्यावेच लागतात, आणि नेमके तेवढेच दिवस हे शहर सावकाश, पायी पाहण्यासाठी लागतात. ही दोन्ही कामे एकत्र कशी साधावीत, ते पहिल्यांदाच जाणाऱ्या प्रवाशासाठी येथे क्रमाने मांडले आहे.

लेहमध्ये थांबण्याची ही रीत नवी नाही. काश्मीर, पंजाब, तिबेट आणि यारकंद (आजच्या चीनच्या शिनजियांग प्रांतातील शहर) या चारही दिशांकडून येणाऱ्या व्यापारी वाटा येथे मिळत असत. यारकंदकडचा काफिला काराकोरम, सासेर आणि खारदुंग अशा एकाहून एक अवघड खिंडी ओलांडून महिन्याभराच्या वाटचालीनंतर येथे पोहोचे, तेव्हा माणसे थकलेली आणि घोडी हाडकुळी झालेली असत. त्यामुळे फार थोडे व्यापारी संपूर्ण मार्ग स्वतः चालत. बहुतेकांचा माल लेहच्या बाजारातच हात बदलत असे. उत्तरेकडून रेशीम, गालिचे, नमदे (लोकर दाबून केलेली जाड बैठक) आणि चरस येई. दक्षिणेकडून सुती कापड, नीळ, मसाले आणि पोवळी येत. तिबेटकडून विटांच्या आकारात दाबलेला चहा आणि चांगथांगच्या पठारावरून शेळ्यांची पश्म, म्हणजे मऊ लोकर, येई. पंजाबातील होशियारपूरचे व्यापारी, काश्मिरी दलाल, भाड्याने घोडी पुरवणारे किरायाकश आणि यारकंदी सौदागर येथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत. १९४९ साली चीनमधील सत्तांतरानंतर ही उत्तरेची वाट बंद पडली; पण शहराची बांधणी अजूनही त्या मुक्कामांचीच साक्ष देते.

कधी जावे

विमानाने लेहला वर्षभर जाता येते. रस्त्याने मात्र बर्फाच्या मर्जीनुसार. श्रीनगरकडील रस्ता साधारण वसंत ऋतूत झोजी ला मोकळी झाल्यावर सुरू होतो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी बंद होऊ लागतो. मनालीकडील रस्ता त्याहून उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो. जून ते ऑगस्ट हा गर्दीचा काळ. माझी शिफारस सप्टेंबरची आहे. या महिन्यात आकाश स्वच्छ असते, बार्लीची कापणी चाललेली असते, बाजारात वाळवलेले जर्दाळू आलेले असतात, आणि उन्हाळाअखेरीस काफिले शहरात गोळा होत तो काळही साधारण हाच. दिवसा एका सदऱ्यावर फिरता येते, पण सूर्य डोंगराआड गेला की लोकरीचे कपडे लागतात. जानेवारीत रात्रीचे तापमान उणे १५ ते २० अंशांपर्यंत उतरते, नळांतील पाणी गोठते आणि अनेक हॉटेले बंद असतात. पहिल्या भेटीसाठी तो काळ निवडू नये.

कोणत्या वाटेने जावे

सकाळी मुंबई किंवा पुण्याहून निघून दिल्लीमार्गे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लेहच्या कुशोक बकुला रिंपोछे विमानतळावर उतरता येते. वेळ वाचतो, पण शरीराला पूर्वसूचना मिळत नाही. आपले कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच स्थान, १,६४६ मीटरचे आहे. लेहचा बाजार त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्या मंडळींना वाटते की आपल्याला उंचीचा त्रास होणार नाही. हा समज धोक्याचा आहे. दमसास आणि उंचीशी जुळवून घेण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतो म्हणून बऱ्याचदा आधी आजारी पडतो.

ज्यांच्याकडे दोन-तीन दिवस जास्तीचे आहेत त्यांनी जाताना श्रीनगरचा रस्ता धरावा, असे मी आग्रहाने सांगेन. हा रस्ता चारशे किलोमीटरहून थोडा जास्त आहे आणि जुन्या काश्मीर–लेह व्यापारी वाटेला बऱ्याच अंशी धरून जातो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० मीटरवर आणि मग लेह, अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते. पहिली रात्र कारगिलला काढावी. तेथील मुन्शी अझीझ भट संग्रहालय अवश्य पाहावे. एका व्यापाऱ्याच्या जुन्या सराईतून निघालेल्या मालाचे, पत्रांचे आणि साजसामानाचे ते संग्रहालय आहे आणि लेहचा बाजार समजून घेण्याची किल्ली तेथेच मिळते. दुसऱ्या दिवशी मुलबेख येथील कड्यात कोरलेली मैत्रेयाची, म्हणजे भावी बुद्धाची, भव्य मूर्ती आणि ४,१०८ मीटर उंचीची फोतू ला ओलांडून लामायुरू किंवा आल्ची येथे मुक्काम करावा, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लेह गाठावे.

मनालीचा रस्ता देखणा आहे, पण नवख्याने जाताना तो घेऊ नये. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा वळसा वाचतो हे खरे. परंतु पुढे बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि ५,३०० मीटरहून उंच टांगलांग ला या खिंडी आहेतच, आणि वाटेतील सरचूचा मुक्काम लेहहूनही उंच, ४,२०० मीटरच्या वर आहे. लेहमध्ये आठवडाभर राहून परतताना याच रस्त्याने आल्यास त्रास बराच कमी होतो.

निघण्यापूर्वी

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तिकीट काढू नये. विमानाने जाणाऱ्यांना डॉक्टर बऱ्याचदा ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, आदल्या दिवसापासून घेण्यास सांगतात. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या गोळीने लघवीला वारंवार जावे लागते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरून जाऊ नये. शेजाऱ्याने दिली म्हणून ती घेऊ नये, आणि गोळी घेतली आहे म्हणून विश्रांतीला फाटाही देऊ नये.

बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालते. त्यामुळे गटात किमान एकाकडे पोस्टपेड जोडणी असावी आणि घरच्यांना तोच क्रमांक देऊन ठेवावा. मुख्य बाजारात एटीएम आहेत आणि बऱ्याच दुकानांत फोनवरून पैसे देता येतात, पण नेटवर्क गेले की तो मार्ग बंद होतो. शहराबाहेर जाताना पुरेशी रोकड जवळ ठेवावी. आधारकार्डाच्या चार-पाच छायाप्रती बरोबर असाव्यात. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी अशा सीमेलगतच्या भागांत जाण्यासाठी ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क भरावे लागते. याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून लेहला पोहोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणीच ताजी माहिती विचारावी. घरमालक सहसा हे काम करून देतात.

कपड्यांच्या बाबतीत एका जाड कोटापेक्षा अंगावर एकावर एक चढवता येतील असे तीन-चार थर अधिक उपयोगी पडतात. ऊन अतिशय प्रखर असते, म्हणून रुंद काठाची टोपी, गॉगल, उन्हापासून संरक्षण देणारे क्रीम आणि ओठांसाठी मलम घ्यावे. हवा इतकी कोरडी असते की पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातून रक्ताचा अंश येऊ शकतो; रात्री नाकाला आतून तुपाचे बोट लावण्याचा आपला घरगुती उपाय येथे फार चांगला ठरतो. खाण्याच्या वस्तूंत मी नेहमी मेतकूट, सुंठ आणि लिंबाचे गोड लोणचे नेतो. उंचीवर भूक मंदावते, आणि अन्नाचा वासही नको वाटत असताना मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढेच पोटात जाते.

पहिले दोन दिवस : काहीही पाहू नये

लेहच्या हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेवढेच राहते, पण प्रत्येक श्वासात फुप्फुसांना मिळणारा प्राणवायू त्या मानाने घटतो. विमानाने येणाऱ्या पर्यटकांना स्थानिक प्रशासनही किमान ४८ तास विश्रांती घेण्यास सांगते. विमाने सकाळी उतरतात, ऊन सुंदर पडलेले असते, समोर स्तोक कांगरीच्या बर्फाच्छादित रांगा दिसतात आणि पहिल्या काही तासांत काहीच त्रास जाणवत नाही. येथेच फसगत होते, कारण लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनंतर, म्हणजे रात्री सुरू होतात.

माझ्या पहिल्या भेटीत आमच्यातला एक तरुण मित्र, जो मॅरेथॉन धावत असे, उतरल्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपाच्या शेकडो पायऱ्या चढून गेला. सूर्यास्त पाहून तो आनंदात परतला. मध्यरात्री त्याचे डोके फुटेल असे दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे आम्हाला त्याला रुग्णालयात न्यावे लागले. प्राणवायू दिल्यावर तो दुपारपर्यंत सावरला, पण आम्ही सर्वच जण त्याला थांबवू शकलो असतो आणि थांबवले नाही, ही खंत मला आजही आहे.

म्हणून पहिल्या दिवशी खोलीत सामान ठेवून आडवे व्हावे. गाढ झोप आलीच पाहिजे असा आग्रह धरू नये; अंगणात खुर्ची टाकून जर्दाळूच्या झाडाखाली बसले तरी चालते. लघवीचा रंग फिका राहील इतपत पाणी प्यावे. लिटरच्या लिटर रिचवण्याची गरज नाही. मद्य, धूम्रपान आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात, कारण झोपेत श्वास आधीच उथळ झालेला असतो. पहिल्या दिवशी गरम पाण्याने दीर्घ स्नान करण्याचा मोहही टाळावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, काहीच त्रास नसेल तर, सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश चालावे. चालताना बोलता येत असेल तर वेग योग्य आहे असे समजावे.

सौम्य डोकेदुखी, भूक न लागणे, मळमळ आणि तुटक झोप ही उंचीच्या आजाराची प्राथमिक लक्षणे आहेत. ती असताना आणखी उंचीवर जाऊ नये, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक माणसे एक-दोन दिवसांत बरी होतात. परंतु बसल्या जागी धाप लागणे, छातीत घरघर, फेसाळ किंवा गुलाबी कफ, ही फुप्फुसात पाणी साठू लागल्याची चिन्हे आहेत; आणि तोल जाणे, असंबद्ध बोलणे, सतत गुंगी येणे ही मेंदूला सूज येत असल्याची. शंका आली तर त्या व्यक्तीला एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्या पावलाची टाच लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. तोल गेला तर वेळ न दवडता सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयात न्यावे. तेथे प्राणवायूची सोय आहे आणि डॉक्टरांना हे आजार रोजचे आहेत.

लेहची एक भौगोलिक अडचण नवख्यांच्या लक्षात येत नाही. उंचीच्या गंभीर आजारावर खाली उतरणे हा खरा उपाय, पण लेहहून रस्त्याने फार खाली उतरता येत नाही. मनालीकडे निघाले तर टांगलांग ला आडवी येते, श्रीनगरकडे निघाले तर फोतू ला; सिंधूच्या काठाने खालत्सीपर्यंत गेले तरी उंची जेमतेम चार-पाचशे मीटरने घटते. सकाळचे विमान हीच खरी उतरण. म्हणून येथे आजार होऊ न देणे हे आजार बरा करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

तिसरा दिवस : बाजार आणि जुने शहर

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुख्य बाजारात जावे. येथे आता वाहनांना बंदी असल्यामुळे निवांत चालता येते. पदपथाच्या कडेला लडाखी स्त्रिया आपल्या शेतातला पालक, सलगम, गाजर, वाटाणा आणि जर्दाळू घेऊन बसलेल्या असतात. छायाचित्र काढण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि काहीतरी विकत घ्यावे. ‘जुले’ हा एकच शब्द येथे नमस्कार, आभार आणि निरोप या तिन्हींसाठी चालतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना शब्दाच्या शेवटी ‘ले’ जोडण्याची पद्धत आहे. आपण ‘जी’ लावतो तसे. आईच्या वयाच्या स्त्रीला ‘आमा-ले’ म्हणावे. एवढ्या दोन शब्दांनी बाजाराचे वागणे बदलते, याचा मी प्रत्येक भेटीत अनुभव घेतला आहे.

बाजाराच्या वरच्या टोकाला जामा मशीद आहे. सतराव्या शतकात, १६६६-६७ च्या सुमारास, मुघलांशी झालेल्या समझोत्यानंतर ती उभी राहिली; आजची इमारत नूतनीकरण केलेली आहे. मशिदीच्या वर राजवाडा आणि त्याही वर टेकडीवर नामग्याल त्सेमो गोंपा (बौद्ध मठ), हे दृश्य क्षणभर थांबून नीट पाहण्यासारखे आहे. व्यापारी शहरात धर्म कसे शेजारी राहतात ते एका नजरेत दिसते. काश्मीर आणि मध्य आशियातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी येथील स्त्रियांशी विवाह केले, आणि त्यांच्या वंशजांना ‘अरगोन’ म्हटले जाऊ लागले. दुभाषे, दलाल आणि काफिल्यांचे वाटाडे म्हणून या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काम केले.

मशिदीमागच्या गल्लीत तंदूरवाल्यांची दुकाने आहेत. जमिनीत बसवलेल्या भट्टीतून निघणारी ताजी रोटी हातात घेऊन तेथेच उभ्याने खावी. गल्लीलगतच त्सास सोमा नावाची जुनी बाग आहे. ‘त्सास’ म्हणजे बाग. काफिले येथे उतरत. तेथे आता दगडी मनोऱ्यासारखे बांधलेले मध्य आशियाई संग्रहालय आहे. यारकंदी झगे, चहाची भांडी, घोड्यांचे साज आणि जुनी छायाचित्रे पाहताना या वाटेवर काय काय वाहून नेले जात होते, याचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहतो. नाणेघाटातील जकातीचा दगडी रांजण पाहिलेल्या मराठी माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही. शहर डोंगरात का वसले, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे वाटेवरच्या मालातच सापडते.

येथून जुन्या शहराच्या चढत्या गल्ल्या सुरू होतात. पावले अगदी लहान टाकावीत. घरे दगडाच्या पायावर, उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची आहेत. छतासाठी पॉप्लरचे वासे, त्यावर विलोच्या काटक्या आणि वर मातीचा जाड थर. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशासाठी ही बांधणी अचूक होती. आता मात्र पावसाची लहर बदलली आहे. ६ ऑगस्ट २०१० च्या पहाटेपूर्वी झालेल्या ढगफुटीने लेह आणि आसपासच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. मातीच्या छतांवर चढू नये आणि भिंतींना टेकू नये, ही विनंती त्यासाठीच. कित्येक घरांचा जीर्णोद्धार गेल्या काही दशकांत स्थानिक कारागिरांच्या मदतीने झाला आहे. राजवाड्याच्या पायथ्याशी मुन्शी घराण्याच्या जुन्या वाड्यात लडाखची कला आणि माध्यम संस्था ‘लामो’ चालते. तेथील प्रदर्शनांसाठी एक तास राखून ठेवावा.

राजवाडा नऊ मजली आहे आणि सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्याल याने तो बांधवला. १८३४ साली जोरावर सिंगाच्या, म्हणजे जम्मूच्या, डोग्रा फौजा लडाखमध्ये आल्यानंतर राजघराणे सिंधूपलीकडच्या स्तोक गावी गेले. आज वास्तूची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. आतील खोल्या बहुतांशी रिकाम्या आहेत, आणि त्यामुळे निराश होणारे पर्यटक मी पाहिले आहेत. त्यांना माझे सांगणे असे की, गच्चीवर जावे आणि खाली पाहावे. बाजाराचा रुंद पट्टा, त्यापलीकडची हिरवी शेते, सिंधूचे खोरे आणि मागे खारदुंगकडे चढणारी वाट : राजाने आपले घर नेमके येथे का बांधले, हे तेथून कळते. येणारा प्रत्येक काफिला या गच्चीवरून दिसत असणार. त्सेमो गोंपाची चढण त्याच दिवशी करू नये. ती पाचव्या दिवसासाठी ठेवावी.

दुपारच्या जेवणात स्क्यू किंवा थुक्पा (शेवयांचे सूप) मागवावा. स्क्यू म्हणजे कणकेच्या लहान वाट्या भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेल्या. आपल्या वरणफळांची आठवण करून देणारा हा पदार्थ शाकाहारी मंडळींना हमखास आवडतो. सकाळी खंबीर नावाची जाड रोटी आणि लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा घ्यावा. त्याला चहा न म्हणता सूप समजून पहिला घोट घेतला तर तो लवकर रुचतो. येथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. छोट्या खाणावळीत ताट यायला वेळ लागला तर तक्रार करू नये.

चौथा दिवस : सिंधूच्या काठाने

चौथ्या दिवशी टॅक्सी करून शे आणि ठिकसे पाहावे. दोन्ही ठिकाणे लेहपासून वीस किलोमीटरच्या आत आहेत आणि उंचीत फारसा फरक नाही. शे ही लडाखची जुनी राजधानी. ठिकसेला सकाळी लवकर पोहोचल्यास भिक्षूंची प्रार्थना ऐकता येते. गोंपात पादत्राणे काढावीत, टोपी उतरवावी, आवाज खाली ठेवावा आणि भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नये. छोर्तेन (स्तूप) आणि मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने, ओलांडाव्यात. टॅक्सीचे दर स्थानिक संघटनेने ठरवलेले असतात आणि छापील पत्रक उपलब्ध असते, त्यामुळे घासाघीस करण्याची गरज पडत नाही. बाहेरगावाहून भाड्याने आणलेल्या मोटारी आणि मोटारसायकली स्थलदर्शनासाठी येथे चालू देत नाहीत. स्वतःच्या नावावरचे खासगी वाहन असेल तर अडचण येत नाही.

मुक्कामाविषयीही येथेच सांगतो. चांगस्पा किंवा शेनम भागातील घरगुती अतिथिगृहे मला मोठ्या हॉटेलांपेक्षा अधिक योग्य वाटतात. शहराचे पाणी हिमनद्यांच्या वितळण्यावर चालते, आणि गावोगावी ‘चुरपोन’ नावाचा माणूस पाटाचे पाणी पाळीपाळीने वाटण्यासाठी नेमलेला असतो. अशा ठिकाणी रोज दोन वेळा शॉवर घेणे योग्य नव्हे. बादलीभर पाणी पुरते. घरात पारंपरिक कोरडे शौचालय असेल तर ते वापरावे. त्यातील खत शेताला जाते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांविरुद्ध येथील स्त्रियांच्या संघटनेने १९९० च्या दशकातच मोहीम उघडली होती, म्हणून कापडी पिशवी आणि पुन्हा भरता येणारी बाटली बरोबर असावी.

पाचवा दिवस आणि त्यापुढे

पाचव्या दिवशी सकाळी त्सेमोची चढण चढावी, दुपारी खरेदी करावी. पश्मिना घ्यायची असल्यास घाई करू नये. पश्म ही चांगथांगी शेळीच्या अंगावरची आतली मऊ लव. वसंतात ती विंचरून काढतात. लडाख आणि तिबेट यांच्यातील १६८४ च्या तिंगमोसगंग तहाने पश्मेच्या व्यापाराची दिशा लडाखमार्गे काश्मीरकडे बांधून दिली होती, इतके त्या लवेचे मोल होते. अस्सल हातविणीची शाल स्वस्त असू शकत नाही. महिला बचत गटांच्या किंवा सहकारी संस्थांच्या दुकानांत सूतकताई आणि विणकामाची माहिती मिळते. तेथून लहानसा मफलर घेतला तरी तो खात्रीचा असतो. वाळवलेले जर्दाळू, म्हणजे फातिंग, बाजारातील स्त्रियांकडूनच घ्यावेत.

यानंतर शहराबाहेर पडायचे तर क्रम उंचीनुसार लावावा. प्रथम पश्चिमेला आल्ची आणि लिकीर. आल्ची लेहपेक्षा सखल आहे आणि तेथील काश्मिरी शैलीची प्राचीन भित्तिचित्रे हा लडाखचा सर्वांत मोठा कलाठेवा आहे. मग नुब्रा. वाटेतील खारदुंग लाची खरी उंची सुमारे ५,३५९ मीटर आहे, जुन्या पाट्यांवर त्याहून जास्त लिहिलेली असे. तेथे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. पलीकडे दिस्कित मात्र लेहपेक्षा खाली आहे, त्यामुळे रात्र सुखाची जाते. हुंदरच्या वाळूत दिसणारी दोन मदारींची उंटे ही काफिल्यांच्या जनावरांची वंशज आहेत. पनामिकपर्यंत गेल्यास सासेर लाकडे वळणारी जुनी वाट कोणत्या दिशेने जात होती ते दिसते; त्यापुढचा भाग लष्करी नियंत्रणाखाली असून काराकोरम खिंडीपर्यंत पर्यटकांना जाता येत नाही. ४,२०० मीटरवरील पँगाँग आणि त्याहून उंच त्सो मोरीरी सर्वांत शेवटी ठेवावेत, आणि ज्याला नुब्रात डोकेदुखी झाली असेल त्याने ते या खेपेस सोडून द्यावेत.

परतीचे विमान सकाळचे असते. लेहच्या विमानतळावर तपासणी अनेक टप्प्यांत होते, म्हणून दोन ते अडीच तास आधी पोहोचावे आणि छायाचित्रे काढू नयेत. वारा किंवा ढग आले तर उड्डाण रद्द होते आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशीच मिळते. त्यामुळे दिल्लीहून पुण्या-मुंबईचे तिकीट त्याच दिवशीचे काढू नये. मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, आणि लेहच्या घरमालकांना आदल्या रात्रीच विचारून ठेवावे की विमान न उडाल्यास खोली आणखी एक रात्र मिळेल का.